खाली फुलंच आहेत

दारावरची बेल वाजली की लवू परुळेकराचं वय वीस वर्षांनी कमी व्हायचं. एरवी खुर्चीतून उठताना दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून ‘आई गंऽ’ म्हणणारा हा चौसष्ट वर्षांचा गृहस्थ बेल ऐकताच ताडकन उठायचा. “आलो, आलो, एक मिनिट!” असं ओरडत सोफ्यावरची चादर दोन टोकांना धरून ओढायचा, तिचा बोळा करून आतल्या खोलीत फेकायचा, उशा ठोकून उभ्या करायचा, खिडकीच्या पडद्यांना मारलेल्या गाठी सोडायचा आणि मगच दार उघडायचा. बाहेरच्या माणसाला दिसायचा तो फुलाफुलांचा सोफा, त्याच रंगाचे फुलाफुलांचे पडदे आणि धापा टाकणारा यजमान.

विमला हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघत असायची. अकरा महिने बघत होती. पाहुणा गेला की उलटी कवायत. चादर परत, पडद्यांना गाठी परत, आणि लवू पुन्हा चौसष्टचा.

पण त्या मंगळवारी तिचं डोकं खरोखर फिरलं, कारण आलेला माणूस पाहुणासुद्धा नव्हता. पाइपच्या गॅसचा मीटर बघायला आलेला माणूस होता तो. चार मजले चढून आला होता, घामानं निथळत होता. लवूनं चादर ओढली, पडदे सोडले आणि म्हणाला, “बसा की. पाणी घ्या.” तो बिचारा सरळ फुलांवर बसला, ऐसपैस टेकला, पाणी प्यायला आणि जाताना म्हणाला, “सोफा झकास आहे हां काका.”

“घरात नुसती फुलंच फुलं हवीत, हा हिचा हट्ट,” लवू कौतुकानं म्हणाला.

दार लागलं. लवू आत जाऊन चादर घेऊन आला आणि पसरायला लागला.

“मीटरवाल्याला चालतं,” विमला म्हणाली, “मीटरवाल्याला फुलं चालतात. मला नाही चालत.”

“अगो, तो काय रोज येता?”

“म्हणजे रोज येणाऱ्यानं बसायचं नाही. असंच ना?”

“बस ना तू. तुका कोणी अडवल्यान?” चादरीची सुरकुती हातानं सारखी करत लवू म्हणाला, “खाली फुलांच आसत ना? पळान जातत काय?”

विमला आत गेली आणि कुकरचं झाकण असं आपटलं की खालच्या मजल्यावरच्या सुलक्षणाला ऐकू गेलं असेल. खाली फुलंच आहेत. बरोबर आहे. असं म्हणायला गेलं तर भिंतीच्या रंगाखाली चुना आहे आणि चुन्याखाली विटा आहेत. म्हणून काय माणूस विटा बघत बसतो?

विमलाला फुलं का हवी होती, याचं फार मोठं कारण नव्हतं. फुलं आवडतात म्हणून हवी होती. माणसाला एवढं कारण पुरायला हवं. पण थोडा हिशेब आयुष्याचाही होता. अंधेरीच्या औषधाच्या कारखान्यात तिनं तीस वर्षं काढली. पांढरा कोट, पांढरी टोपी, पांढऱ्या भिंती आणि समोरून सरकत जाणाऱ्या पांढऱ्या गोळ्या. आणि घरी यावं तर पट्टे.

हे पट्टे लवूच्या वडिलांची कमाई. सासरे परळच्या गिरणीत होते. कामगारांना गिरणीच्या दुकानात सवलतीत कापड मिळायचं, आणि सासऱ्यांनी आयुष्यभर एकच कापड घेतलं, निळ्या-करड्या पट्ट्यांचं. गिरणी बंद पडली, सासरे गेले, परळची खोली जाऊन बोरिवलीला काजूपाड्यात चौथ्या मजल्यावरचं घर झालं, पण ते कापड संपेना. घरात चादरी पट्ट्यांच्या, अभ्रे पट्ट्यांचे, गादीची खोळ पट्ट्यांची, पडदे पट्ट्यांचे, बाजाराच्या पिशव्या पट्ट्यांच्या आणि लवूचे लेंगेही पट्ट्यांचे. एकदा लवू खिडकीपाशी उभा राहून फोनवर बोलत होता, तेव्हा पडदा कुठे संपतो आणि नवरा कुठे सुरू होतो तेच विमलाला कळेना. त्या दिवशी तिनं ठरवलं की निवृत्त झाल्यावर पहिलं काम हे.

निवृत्त झाली आणि तिनं कुणाचं ऐकलं नाही. मुलगी अक्षता मुलुंडला असते, तिनं फोनवर फोटो पाठवले. राखाडी सोफा, राखाडी पडदे, राखाडी गालिचा. “आई, सध्या हेच चालतं गं. क्लासी दिसतं. फुलं म्हणजे ना, जरा जुनाट.”

“राखाडी बघायला मला पावसाळ्यातलं आभाळ आहे,” विमला म्हणाली.

दुकानात तिनं तीन तास घालवले. दुकानदारानं चोवीस गठ्ठे उलगडले, तेव्हा कुठे ते एक सापडलं. मोतिया रंगाच्या कापडावर अबोली रंगाची ताटाएवढी फुलं, प्रत्येक फुलाच्या आत गडद तांबडा ठिपका आणि भोवती ओलसर हिरवी पानं. पडद्यांसाठी त्याच जातीचं, पण बारीक फुलांचं. विमलानं कापडावर तळहात ठेवला आणि तिला एकदम रडायलाच आलं. लवू बाजूला उभा राहून दुकानदाराला विचारत होता, “रंग जातो काय ओ ह्याचा?”

सोफा बांधला चंद्रप्रकाशनं. हा मूळचा जौनपूरचा, पण तीस वर्षं बोरिवलीत सोफे बांधून त्याचं मराठी आपल्यासारखंच झालेलं, फक्त शब्दांचं लिंग त्याच्या सोयीचं. तो सांगितल्यापेक्षा दीड मीटर कापड जास्त मागायला लागला, तेव्हा लवू चिडला.

“काका, ऐका,” चंद्रप्रकाशनं कापड जमिनीवर अंथरून दाखवलं. “तीन सीट आहे. प्रत्येक सीटच्या मधोमध एक पूरा फूल आला पाहिजे. पाठीला पण तसाच, खालच्या फुलाच्या बरोबर वर. मग बाजूचा तुकडा वाया जाणारच. तुम्ही कापड वाचवा, माझा काय जातो? पण मग अर्धा फूल येणार. अर्धा फूल म्हणजे कुणी चावलेला बिस्कुट.”

“पूर्ण फूल,” विमला म्हणाली. “मधोमध.”

तीन सीट, तीन फुलं. पाठीला तीन. चंद्रप्रकाशनं असं काम केलं की शिवण कुठे आहे ते शोधावं लागे. सोफा घरात आला तेव्हा तोच दोन पावलं मागं जाऊन बघत राहिला आणि म्हणाला, “भाभी, मी स्वतःच्या घरी असा नाय बनवला.”

विमला बसायलाच निघाली होती. पदर सावरला, वळली, आणि लवू म्हणाला, “थांब, थांब. नवी वस्तू हा. आधी हळद-कुंकू.” हळद-कुंकवाचं बोट कापडाला लावलं तर डाग पडेल म्हणून त्यानं ते सोफ्याच्या पायाला लावलं. नारळ फोडला तोही लांब, मोरीत. विमला नारळाचे तुकडे करून बाहेर येईपर्यंत सोफ्यावर पट्ट्यांची चादर पसरलेली होती.

“हे काय?”

“खोबऱ्याचं तेल लागतला गो. चार दिवस जाऊंदे.”

त्या चार दिवसांचे अकरा महिने झाले.

लवू वाईट माणूस होता असं नाही, आणि हीच खरी पंचाईत होती. वाईट असता तर भांडता आलं असतं. लहानपणी दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसं राहायची, त्यात एकच चांगली खुर्ची होती आणि तिच्यावर कायम टॉवेल असायचा. चांगली वस्तू झाकायची, जपायची आणि चार माणसांपुढे काढायची, हे त्याच्या हाडात मुरलेलं. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, मिक्सरला टोपरं, फ्रिजच्या मुठीला मोजा. निवृत्त होताना पोस्टातल्या लोकांनी दिलेलं घड्याळ अजून डब्यातच टिकटिकत होतं. कुठून आवाज येतो म्हणून अक्षताचा नवरा पहिल्यांदा आला तेव्हा सगळं कपाट शोधून बसला होता.

विमलाला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक असल्यानं राग कमी होतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिच्या घरी येऊन राहावं.

तिनं काय केलं नाही? चादर काढून ठेवली. चहा करून बाहेर यावं तर चादर परत. चादर धुवायला टाकली. माळ्यावरच्या ट्रंकेतून दुसरी आली. त्या ट्रंकेत किती चादरी आहेत ते एकदा मोजावं म्हणून ती शिडीवर चढली आणि सतरापर्यंत मोजून खाली उतरली. सगळ्या भिजवल्या तेव्हा लवूनं दोन टॉवेल आणि एक लुंगी अंथरली. ती लुंगीही पट्ट्यांची. बोलून बघितलं. अबोला धरून बघितला. अबोल्याचा तर उलटाच परिणाम झाला, लवूला वाटलं घरात शांतता आहे.

तो घरी नसताना बसावं, असंही मनात आलं होतं. एकदा तो बँकेत गेला होता. तिनं चादर काढली, पुढ्यात उभी राहिली, आणि तिच्याच लक्षात आलं की आपण जिन्यात पावलं वाजतात का ते ऐकतोय. आपल्याच घरात, आपल्याच सोफ्यावर, चोरासारखं? तिनं चादर परत घातली. चोरून बसायचं तर त्यापेक्षा न बसलेलं बरं, असं तिनं तेव्हा स्वतःशी ठरवलं, आणि विमलानं ठरवलेलं विमलालाही मोडता येत नसे.

पाहुणे आल्यावर बसायचं, तर तेव्हा सोफ्यावर पाहुणे असत आणि ती गॅसपाशी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बिल्डिंगमधल्या बावीस बायका आल्या. आळीपाळीनं फुलांवर बसल्या, फोटो काढले. सुलक्षणा म्हणाली, “काय गं बाई थाट! आमच्याकडे असता ना, मी उठलेच नसते.” विमला तेव्हा प्लास्टिकच्या स्टुलावर बसून वाण वाटत होती.

मीटरवाल्याच्या प्रकरणानंतर मात्र ती गप्प राहिली नाही. त्या रात्री जेवताना तिनं ताटावरून हात उचलला आणि सरळ सांगितलं, “मला त्या चादरीचा वीट आलाय. ऐकताय? उठता-बसता ती चादर दिसते आणि माझ्या डोक्यात जाते. सरकते, गोळा होते, लोंबते, दिवसातून दहादा सारखी करा. हे असं मला चालणार नाही. काहीतरी एकदाचं करा.”

लवूनं घास खाली ठेवला. तिच्याकडे नीट बघितलं. मग मान हलवली. “बरोबर बोलतंस तू,” तो म्हणाला. “माझ्या लक्षात इला नाय.”

विमलाला आपल्या कानांवर विश्वास बसेना. इतकं सोपं होतं? अकरा महिने आपण उगाच झाकणं आपटली? तिनं त्याला आणखी एक बांगड्याची तुकडी वाढली. पुढचे दोन दिवस ती गुणगुणत होती. गुरुवारी तिनं अक्षतालासुद्धा फोन करून सांगितलं की, तुझे बाबा सुधारले.

शुक्रवारी दुपारी ती भाजी घेऊन आली, तर दारात चपलांचा अनोळखी जोड आणि आत चंद्रप्रकाश. गळ्यात टेप, हातात वही. सोफ्यावर अर्धा वाकलेला. लवू त्याच्या बाजूला उभा, आणि जमिनीवर माळ्यावरच्या ट्रंकेतल्या पाच चादरी.

“काय चाललंय?” विमलानं विचारलं.

“सरप्राइज,” लवू म्हणाला. त्याचा चेहरा लाडवासारखा गोल झाला होता. “चादर सरकता म्हणून वैतागतंस ना? आता सरकायची नाय. मापाचे कव्हर शिवून घेतोय. तीन सीटना तीन, पाठीक एक, हातांका दोन. चेन लावून. एकदम फिट. दहा वर्षं बघूक नको.”

विमलाच्या हातातली पिशवी घसरली. दोन कांदे घरंगळत सोफ्याखाली गेले.

“या चादरींचे?”

“मगे? घरचं कापड आसताना विकत कशाक? गिरणीचा माल तो. फाटणार नाय.”

चंद्रप्रकाश खाली बघत होता. टेपचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. “भाभी,” तो हळूच म्हणाला, “मी काकांना बोललो. बोललो की आपण फूल किती मेहनतीनं बसवला. काका बोलले, भाभीनंच सांगितलाय.”

“मी?”

“तू नाय सांगितलंस?” लवूला खरंच आश्चर्य वाटलं. “मंगळवारी जेवताना? चादर सरकते, गोळा होते, एकदाचं काहीतरी करा?”

शब्द न् शब्द तिचाच होता. तो माणूस तिचं ऐकत नाही असं ती अकरा महिने सगळ्यांना सांगत होती. आज कळलं की तो ऐकतो, अगदी नीट ऐकतो, आणि तरीही त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. यापेक्षा तो बहिरा असता तर बरं झालं असतं.

“मला चादरच नकोय,” ती शेवटी म्हणाली. आवाज फाटला होता. “मला फुलांवर बसायचंय. एवढंच. किती वेळा सांगू?”

“होय तर. चादर नसणारच आता,” लवू समजूत घालत म्हणाला, “कव्हर असणार.”

चंद्रप्रकाश मापं घेऊन गेला. जाताना दारात घुटमळला आणि म्हणाला, “मी चेन मोठी लावतो भाभी. लवकर निघेल.” एवढंच तो बिचारा करू शकत होता.

कव्हरं आली पुढच्या शनिवारी, संध्याकाळी पाचला. चंद्रप्रकाश स्वतः आला नाही, पिशवी वॉचमनकडे ठेवून गेला. लवूनं स्वतःच ती घातली. एकेक सीट काढून, खोळीत कोंबून, चेन ओढून. पट्टे सरळ यावेत म्हणून जीभ दातात धरून. अबोली फुलं एकामागून एक आत गेली. शेवटचं मधलं फूल आत गेलं तेव्हा विमला दारात उभी होती. खरंच फिट बसली होती कव्हरं. एक सुरकुती नव्हती. सोफा आता बरोब्बर सासऱ्यांच्या गादीसारखा दिसत होता.

“कशी झाली?” लवूनं विचारलं. कपाळावरचा घाम पुसत तो उभा होता, शाबासकीची वाट बघत. “आता एकदम गणपतीक काढू. नायतर कोण मोठे पाहुणे इले तर.”

विमलाला त्याच्या अंगावर ओरडायचं होतं. त्याचा तो खूश चेहरा बघून ओरडताही येईना, आणि ओरडता येत नाही याचा आणखी संताप आला. तिनं पर्स उचलली, चपला घातल्या आणि ती चार मजले उतरली.

कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. ती राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापर्यंत गेली, तिथली गर्दी बघून परत फिरली. येताना रस्त्यावरची धूळ पायांना लागली, एक टाच घासली गेली. सोसायटीच्या आवारातल्या सिमेंटच्या बाकावर ती येऊन बसली. हे बरं होतं. इथे बसायला कुणाची परवानगी लागत नव्हती, आणि झाकायला कुणी आलं नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, तीस वर्षं नोकरी, एक मुलगी मार्गी लावलेली, आणि हक्काची बसायची जागा कुठली, तर वॉचमनच्या शेजारचं बाकडं. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिनं ते पुसलंही नाही.

तेवढ्यात सुलक्षणा दूध घेऊन आली. “अगं, इथे काय बसलीस? घरी एवढा राजेशाही सोफा!” ती बाजूला टेकली. “काल आमचे हे आले होते ना तुमच्याकडे, प्लंबरचा नंबर घ्यायला. पाच मिनिटंच बसले, पण घरी येऊन सारखं तेच. म्हणे परुळेकरांकडे बसलं की बागेत बसल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, मग तिथेच राहा.”

“काल बसले?”

“हो. तू बाजारात होतीस. लवूभावजींनी अगदी आग्रहानं बसवलं. चहा झाला, बिस्किटं झाली. हे उठत होते तर उठू देईनात.”

सुलक्षणा गेली. विमला तिथेच बसून राहिली. उठू देईनात. हे मात्र खरं होतं. घरी आलेल्या माणसाला लवूनं कधी ‘आता उठा’ म्हटलं नव्हतं. एकदा एक विमावाला दोन तास बसला होता. लवू आत येऊन तिच्या कानात रडत होता, कधी जातलो गो ह्यो, पण बाहेर जाऊन पुन्हा विचारत होता, अजून थोडे पोहे? पाहुणा बसलाय तोवर चादरीचं नावही काढायचं नाही, हा त्याचाच नियम. आणि हा नियम मोडताना तिनं त्याला पस्तीस वर्षांत बघितलं नव्हतं.

विमलानं डोळे पुसले. साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. केसांवरून हात फिरवला. मग ती चार मजले चढली. दारापाशी आल्यावर सवयीनं पर्समधली चावी हातात आली, ती तिनं परत आत टाकली.

आणि बेल वाजवली.

“आलो, आलो, एक मिनिट!” आतून आवाज आला.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग चेन उघडल्याचा. विमला दाराला कान लावून उभी होती. पहिली चेन. लवूचं धापा टाकणं. दुसरी चेन कुठेतरी अडकली असावी, कारण तो गिरणीला, चंद्रप्रकाशला आणि चेन बनवणाऱ्याला मालवणीतून चार शब्द बोलला. “आलो ओ, आलोच!” तिसरी चेन. मग पाठीचं आणि हातांची कव्हरं ओढल्याचा आवाज, उशा ठोकल्याचा आवाज, खिडकीकडे धावणारी पावलं. विमलाला हसू येत होतं. एवढं सगळं, दारात कोण आहे ते न बघता. दारात फक्त ती नसली म्हणजे झालं.

दार उघडलं. लवू घामाघूम, केस विस्कटलेले, खांद्यावर पट्ट्यांच्या कव्हरांचा ढीग.

“तू? चावी नेलंस ना?”

“पाहुणी आलेय,” विमला म्हणाली. “आत येऊ?”

“काय मस्करी करतंस,” असं म्हणत तो बाजूला झाला.

तिनं चपला काढल्या, सरळ आत गेली आणि मधल्या सीटवर, मधल्या फुलावर बसली. कापड तिला वाटलं होतं त्यापेक्षा थोडं खरखरीत होतं. अकरा महिने तिनं ते मनात मऊ धरलं होतं. तिनं दोन्ही बाजूंना तळहात टेकवले. डाव्या हाताखाली एक फूल, उजव्या हाताखाली एक. समोरच्या खिडकीत पडदे मोकळे सुटले होते आणि त्यातून आलेला उजेड बारीक फुलांनी भरला होता. हे पाहुण्यांना दिसत होतं तर. इथे बसल्यावर हे असं दिसतं.

मग तिच्या लक्षात आलं की ती काठावर बसली आहे. पर्स मांडीवर, गुडघे जुळवलेले, पाठ कुठेही न टेकलेली. तिला स्वतःचाच राग आला. ती मागे सरकली आणि टेकली.

लवू कव्हरं सावरत उभा होता. एक मिनिट गेलं. दोन गेली. तो सीटच्या दिशेनं अर्धं पाऊल पुढे आला.

“झाला?” त्यानं विचारलं.

“पाहुण्यांना असं विचारतात?” विमला म्हणाली. “पाणी नाही विचारलंत.”

लवू थांबला. आत गेला. तांब्या-भांडं घेऊन आला. पाणी झालं. तिनं भांडं परत दिलं, पण ती उठली नाही. तो पुन्हा आत गेला. बऱ्याच वेळानं चहा घेऊन आला, फक्त पाहुण्यांसाठी काढायच्या कपातून, ट्रेमधून. सोबत बिस्किटं. बहुधा त्याला वाटलं की चहा झाला की हा खेळ संपेल. विमलानं चहा सावकाश संपवला. बिस्किटाचा चुरा मोतिया कापडावर पडला. लवूचे डोळे त्या चुऱ्यावर खिळले होते, पण हात पुढे आला नाही. पाहुणीपुढे कसा येणार?

बाहेर दिवेलागणीची वेळ झाली. लवूनं ट्रे उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी, त्याच्या घरातल्या रीतीप्रमाणे जे प्रत्येक पाहुण्याला विचारायचं असतं, ते त्यानं विचारलं. “जेवून जाणार ना?”

“जाणार नाही,” विमला म्हणाली. “राहायला आलेय.”

आणि तिनं दोन्ही पाय वर घेतले. रस्त्याची धूळ लागलेले, टाच घासलेले पाय, अबोली फुलावर.

लवू बघत राहिला. पायांकडे, मग तिच्या चेहऱ्याकडे. तिचा आवाज चेष्टेचा नव्हता आणि डोळे भरलेले होते, हे त्याला बहुधा आत्ता दिसलं. खांद्यावरून घसरणारी कव्हरं त्यानं छातीशी धरली.

“मगे ह्या कव्हरांचा काय करू?” त्यानं अगदी बारीक आवाजात विचारलं.

“लेंगे शिवा.”

त्यानं पाठीचं मोठं कव्हर उलगडलं, कमरेला लावून बघितलं, खाली पायापर्यंत सोडलं. “दोन होतील,” तो म्हणाला. मग तो सगळा ढीग त्यानं स्टुलावर ठेवला आणि सोफ्याच्या टोकाशी येऊन उभा राहिला. अकरा महिन्यांत तोसुद्धा या फुलांवर एकदाही बसला नव्हता, हे विमलाच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. त्यानं लेंग्याची मागची बाजू हातानं दोनदा झटकली. वाकला, थांबला. खिशातून रुमाल काढला, नीट चार घड्या उलगडून तो फुलावर पसरला आणि त्या रुमालावर, जेमतेम मावेल इतका, बसला.

विमलानं हात घातला आणि त्याच्या खालचा रुमाल ओढून काढला.